पहिल्याच किकला

"बाबालाल, रविवारी गाडी सुरू होता कामा नये," कारखानीस साहेब मिस्त्रीच्या कानाशी कुजबुजले.

बाबालाल मिस्त्रीला यात नवीन काही नव्हतं. साहेबांची ती बासष्ट सालची अवजड मोटरसायकल अकरा वर्षं त्याच्याच गॅरेजात उभी होती. लडाखला जाणार म्हणून साहेबांनी मिरजभर डंका पिटायचा आणि दर उन्हाळ्यात मिस्त्रीनं 'कार्ब्युरेटर मिळेना' म्हणून सांगायचं, असं ठरूनच गेलं होतं. कार्ब्युरेटर कधीचा कपाटात पडून होता. पण आता साहेब बँकेतून रिटायर झाले होते आणि कॉलनीनं परस्पर रविवारी लडाखच्या प्रवासासाठी निरोप समारंभच ठेवला होता.

साहेब गेले आणि अर्ध्या तासात वहिनी आल्या. "मिस्त्री, दोन महिने झाले, हा माणूस घरात बसून मला भाजी चिरायला शिकवतोय. गाडी सुरू झाली पाहिजे."

मिस्त्रीनं कपाट उघडलं.

रविवारी हँडलला हार पडले, चाकापुढे नारळ फुटला. चेहरा पाडायची पुरती तयारी ठेवून साहेबांनी किक मारली. पहिल्याच किकला गाडी अशी धडाडली की कॉलनीतली कुत्री पळत सुटली. टाळ्या थांबेनात. साहेब मिस्त्रीकडे बघतच राहिले. मिस्त्री टायरची हवा बघायला खाली वाकला.

वहिनींनी कॅरियरला चिवड्याचा पाच किलोचा डबा करकचून बांधला.

"सावकाश जा," त्या म्हणाल्या, "आणि यायची घाई करू नका."