गाडीला काही होणार नाही

डांबर संपलं तिथे गाडी थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढचा रस्ता आपल्या प्लॅनमध्ये बसत नाही."

"अगं, पोरीला कळा सुरू झाल्यात!" हणमंतराव ओरडले.

समोर कोरड्या ओढ्यातले गोटे होते, मग चढ, आणि चढावर कमळच्या सासरची वाडी. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तिला ऐटीत घरी आणायचं, म्हणून तर त्यांनी ही नवी गाडी घेतली होती. शोरूममधल्या माणसाने गळच घातली, "काका, देखभालीचा प्लॅनही घेऊन टाका. दहा वर्षं गाडीला काही होणार नाही." त्यांनाही ते पटलं होतं.

"खड्ड्यात गेला तुझा प्लॅन! बंद कर तो!"

"मुदत संपेपर्यंत प्लॅन बंद होत नाही. आपल्या गाडीची काळजी आम्हाला आहे."

हातात धरायला स्टिअरिंग नव्हतंच. स्टिअरिंगवाल्या गाड्या आता मिळतच नव्हत्या. हणमंतराव उतरले आणि दुखरा गुडघा धरून गोट्यांवरून चालू लागले. तेवढ्यात जावयाचा फोन आला.

"मामा, कुठवर आलात? रक्त थांबत नाहीये हो!"

"आलोच," ते म्हणाले. चढ अजून सगळाच बाकी होता.

वाऱ्याने धूळ उठली. डोळे चोळत त्यांनी मागे पाहिलं. गाडीने आपणहून काचा वर घेतल्या होत्या, आणि उन्हाने रंग विटू नये म्हणून ती हळूच मागे सरकत आंब्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली.