पाहा : रुपचंद

"एवढं एकच कार्ड काढून टाका, भाऊ. पाया पडते तुमच्या."

सुनंदाबाई यावलहून सकाळच्या एसटीने जळगावला आल्या होत्या आणि कोशाच्या कचेरीत लीलाधरसमोर बसून रडत होत्या. लीलाधरला कुणाचं रडणं बघवत नसे. त्यात मागणी ही अशी.

खानदेशातल्या नामवंतांचा कोश तो सहा वर्षं कार्डांवर जमवत होता. एका माणसाचं एकच मोठं कार्ड. त्याला दुसरं नाव असलं, तर त्या नावाचं छोटं कार्ड. त्यावर 'पाहा' लिहून मोठ्या कार्डाचं नाव. छोटं कार्ड गेलं, की त्या नावावरून माणसापर्यंत जायची वाटच बंद.

सुनंदाबाईंचे दिवंगत यजमान रुपचंद आबा केळीचे मोठे जाणकार. पण 'छगन पहिलवान, दोंडाईचा. पाहा : रुपचंद' हे कार्डही लीलाधरनेच केलं होतं. छगनने चोपन्न साली एका जत्रेत माणूस मारला, आठ वर्षं शिक्षा भोगली आणि नाव बदलून यावल गाठलं. हा दुवा जुळवताना लीलाधरच्या चपला झिजल्या होत्या.

"पोरीचं जमत आलंय," सुनंदाबाई म्हणाल्या. "मुलाचे वडील अभिमन नाना, दोंडाईच्याचे. पोरगी पसंत पडली, आणि जाता जाता विचारतात काय, छगन पहिलवान तुमच्या माहितीत आहे का? मी म्हटलं, नाही. तर म्हणे, जळगावच्या कोशात बघतो, मग कळवतो. खुन्याची पोर कोण करून घेईल हो? चोविसावं लागलंय तिला!"

लीलाधर नियमाचा माणूस. पण मेलेल्याच्या पापापायी जित्या पोरीची फरफट व्हावी, हे काही त्याला पटेना. त्याने खण ओढला, कार्ड काढलं आणि त्यांच्यादेखत फाडलं. फार वाईट वाटलं त्याला.

तिसऱ्याच दिवशी अभिमन नाना हजर. पांढरी टोपी, हातात काठी, बोलणं थोडकं.

"राम राम भाऊ. छगन पहिलवान नाव शे का तुमना कोशम्हा?"

"बघा की." लीलाधरने खण पुढे सरकवला. नानांनी एकेक कार्ड उलटलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"पोरंबाळं, ठावठिकाणा, काहीच नाही?"

"काहीच नाही, नाना."

नाना काठी टेकत निघून गेले. सुटली बिचारी, म्हणत लीलाधरने चहा मागवला.

महिन्याने नाना पुन्हा दारात. हातात पेढ्यांचा पुडा. लीलाधरला कोण आनंद झाला.

"फुटली वाटतं यावलची सुपारी!"

"यावलची नाही. बोदवडची सोयरीक केली. काल साखरपुडा झाला."

लीलाधरचं तोंड उतरलं. "का हो? यावलच्या मुलीत काय खोट होती?"

"छे, छे! पोरगी गुणाची. पण मला वाटलं होतं ते घर ते नव्हे." नाना खुर्चीत टेकले. "छगनचं कार्ड नाही ना तुमच्याकडे? मी सांगतो, नवं लिहा."

लीलाधरने पेन उघडलं.

"लिहा, जत्रेतला तो माणूस छगनने मारला नाही, मी मारला. माझं नवं लग्न झालेलं, म्हणून त्याने सगळं अंगावर घेतलं. त्याची लेक सून करून घरात आणीन अशी शपथ होती माझी, भाऊ; पण त्याचं घरच सापडलं नाही."