वीतभर आत

"माझं रान ताटासारखं सपाट आहे म्हणून ठीक," गिऱ्हाईक म्हणालं. "उतारावर कुणी एवढी उंच चाकं लावून शिवाय ती आत घेतली, तर मी काही त्या ट्रॅक्टरवर बसायचो नाही बुवा. कधी उलटेल नेम नाही."

टायरवाल्याच्या हातातला पाना नटावरच थांबला.

अशीच उंच, बारीक चाकं त्याने काल ताईच्या ट्रॅक्टरला बसवली होती. जुनी रुंद चाकं फवारणी करताना दोन्ही बाजूंची रोपं तुडवायची. ही बरोब्बर ओळींच्या मधून जावीत म्हणून त्याने रिंगा उलटवून मागची दोन्ही चाकं वीतभर आत घेतली. ताई खूश झाली होती. "बारक्या, आता एक पान तुटणार नाही बघ," म्हणाली होती. आणि ताईचं रान उतारावर होतं. हे त्याला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्या चढाला त्याची मोटारसायकल दरवेळी धापा टाकायची. काल मात्र त्याच्या डोक्यात फक्त ओळी होत्या.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"गाडी हलवू नका, नट ढिले आहेत," एवढंच गिऱ्हाइकाला सांगून त्याने हात न पुसताच मोटारसायकलला किक मारली.

ट्रॅक्टर उताराच्या मध्यावर आडवा चालला होता. मागे फवारणीची टाकी उंच उचललेली, अर्धी रिकामी. आतलं पाणी या कडेवरून त्या कडेवर आदळत होतं, आणि प्रत्येक धक्क्याला ट्रॅक्टर खालच्या बाजूला झुकायचा, क्षणभर विचार केल्यासारखा थांबायचा आणि परत यायचा.

ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड त्याने मिटलं. दचकून ताईने ब्रेक दाबला किंवा वरच्या अंगाला वळवलं, तर संपलंच. तो वरच्या बाजूने रानात शिरला आणि पळायचं नाही असं स्वतःला बजावत तिच्या नजरेच्या टप्प्यात आला.

"ताई, ब्रेक मारू नकोस. हळूच चालू दे."

"काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. टाकी खाली घे आधी. सावकाश."

टाकी कुरकुरत जमिनीजवळ आली. पाण्याचा आवाज जरा निवला.

"आता खाली वळव. तोंड सरळ उताराला."

"अरे, मधल्या सगळ्या ओळी जातील!"

"जाऊ देत."

"गुडघ्याएवढं पीक आलंय, बारक्या, हातातोंडाशी आलेला..."

खालचं चाक एका खळग्यात उतरलं. वरचं उचललं गेलं आणि हवेतच गरगर फिरायला लागलं. चाक आणि जमीन यांच्या मधून टायरवाल्याला पलीकडचं रान दिसलं. त्याने दोन्ही हात पुढे केले, जणू काही तो ते धूड धरून ठेवणार होता.

ताईने लगेच स्टिअरिंग उताराकडे फिरवलं. ट्रॅक्टर तिरपा झाला, आणखी तिरपा झाला, आणि मग दाणकन चारी चाकांवर येऊन पीक आडवं करत सरळ खाली गेला. पायथ्याच्या सपाटीवर जाऊन तो बंद पडला.

टायरवाला खाली पोचला तेव्हा ताई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती.

"सकाळपासून स्वतःलाच शिव्या घालतेय," ती म्हणाली. "म्हटलं, इतकी वर्षं चालवतेय आणि आजच भीती का वाटतेय? वय झालं आता. संध्याकाळी तुझ्या दाजींना सांगणार होते, उद्यापासून तुम्हीच बसा."

यावर त्याला गप्प बसता आलं असतं. रात्रीतून चाकं बाहेर काढून दिली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"वय नाही, ताई. चाकं आहेत. मी आत घेतली. उतार माझ्या ध्यानातच राहिला नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली उतरली आणि आडव्या झालेल्या रोपांना वळसा घालत चढ चढू लागली. तोही मागोमाग गेला. गुन्हेगारासारखा, चार हात अंतर ठेवून.

ट्रॅक्टर वळला त्या जागी ती उभी राहिली. खालच्या चाकाची खूण खोल गेली होती. वरच्या चाकाची खूण आधी पुसट होत गेली, मग नाहीशी झाली आणि पुढे वळणावर पुन्हा उमटली. मधल्या कोऱ्या मातीच्या कडेने ताई पावलं मोजत चालली.

"चार पावलं," ती म्हणाली.

मग तिने मान वर केली. सकाळपासून फवारून झालेल्या ओळी एकावर एक वर चढत गेल्या होत्या. त्यांच्यामधूनही चाकांच्या खुणा गेल्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत वरच्या चाकाची खूण कुठे ना कुठे तुटलेली होती.