शनिवारचं दुकान

शिलाई मशीनचा कोथळा टेबलावर बाहेर आला होता आणि त्याच्याभोवती नववीची चार डोकी एकमेकांवर आपटत होती.

"म्हटलं होतं ना, तो स्क्रू काढू नकोस!"

"म्हटलं होतंस. का काढू नको, ते कुठे म्हटलं होतंस?"

शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेत हे दुकान भरायचं. आसपासच्या लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, मुलांनी त्या चालू करून द्यायच्या. कल्पना मुलांची, दुकान मुलांचं, फजितीही मुलांचीच. सरांनी स्वतःला एकच अट घालून घेतली होती. हत्याराला हात लावायचा नाही आणि उपाय सांगायचा नाही. पंखे, मिक्सर, इस्त्र्या यांच्यावर आजवर निभावलं होतं. आज गाठ शिलाई मशीनशी पडली होती.

सर खिडकीपाशी उभे राहून ओठ चावत होते. मास्तरकीच्या आधी त्यांनी कारखान्यात मशीनंच जोडली होती. सुई खाली येते तेव्हा आतलं, दोरा पकडणारं शटल तिला गाठत नाही, एवढाच घोळ होता. एक स्क्रू सैल करायचा, सुईची दांडी केसभर सरकवायची, की झालं. चहा गार व्हायच्या आत होईल असं काम.

मशीनवाल्या काकू बाकावर बसल्या होत्या. मांडीवर हिरव्या कापडाचा ढीग.

"होईल ना रे बाळांनो?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "दवाखान्याचे पडदे आहेत. उद्या सकाळी नाही दिले, तर काम दुसरीकडे जाईल. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय मला. मेकॅनिक गावाला गेलाय, नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता!"

मुलांनी पुन्हा चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. टाका काही पडला नाही. काकूंनी मान फिरवून भिंतीकडे पाहिलं.

सरांना राहवेना. पोरांनी शिकावं हे खरं, पण त्यासाठी या बाईच्या पोटावर पाय द्यायचा? अट गेली चुलीत, असं मनाशी म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या आणि पाऊल उचललं.

तेवढ्यात चौघांतल्या वकीलबाईंनी पाना खाली ठेवला. हे नाव तिला वर्गाने दिलं होतं आणि ती ते रोज सार्थ करायची.

"काकू, आम्हाला हे जमलेलं नाही," ती म्हणाली. "आणि आज जमेल असंही वाटत नाही."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. तिच्या शेजारचा चष्मिष दातांतल्या दातांत म्हणाला, "अगं ए, गिऱ्हाइकाला असं सांगतात का?"

"मग काय, थापा मारतात?" ती त्याच्याकडे वळली. "आपण मघापासून भलत्याच गोष्टीच्या मागे लागलोय. उद्या सकाळी काय तयार पाहिजे? मशीन की पडदे?"

तिने सरांपुढे हात पसरला.

"सर, तुमचा फोन द्या. अट हत्याराची आहे, फोनची नाही."

सरांनी मुकाट्याने फोन दिला.

"हॅलो, मावशी? तुझं शिलाई मशीन उद्यापर्यंत हवंय... छे, मला कुठे येतं शिवायला!... अगं, त्याच्यावर तू कपड्यांच्या घड्याच तर ठेवतेस. त्या पलंगावर ठेव ना एक दिवस... हो, आम्हीच येतो न्यायला. शाळेच्या मागे तर राहतेस!"

दोघं धावत गेली आणि मशीन मधे धरून, एकमेकांच्या पायांवर पाय देत, घामाघूम होऊन परत आली. काकूंनी दोरा ओवला, चाकाला हात लावला, कान देऊन ऐकलं.

"जरा जड आहे," त्या म्हणाल्या. "पण धावेल."

आणि धावलं. पहिला पडदा सरसर खाली उतरला. चष्मिष पुढच्या पडद्यांच्या कडा दुमडून द्यायला बसला आणि पहिल्या झटक्यात त्याने त्या उलट्या दुमडल्या. "अरे माझ्या राजा, शिवण आत जाते की बाहेर?" काकू ओरडल्या, पण हसत. बाकीची दोघं उघड्या मशीनपाशी परत जाऊन कुजबुजत होती. पुढच्या वेळी वस्तू घेतानाच गिऱ्हाइकाला विचारायचं, हिच्यावाचून तुमचं काय अडेल. आणि ते अडणार नाही याची आधी सोय करायची. मग खुशाल खोलायचं.

सर ऐकत होते. बाह्या वर केलेल्या तशाच राहिल्या होत्या. या पोरांचं त्यांना फार कौतुक वाटलं.

वकीलबाई हात पुसत खिडकीपाशी आली. नाकावर तेलाचा काळा डाग होता.

"सर, खरं सांगा हं. तुम्हाला हे आधीच सुचलं होतं ना? मुद्दाम गप्प बसलात."

"नाही गं," सर म्हणाले. "मला फक्त मशीन जोडता येतं."