चूक सापडू दे

“अश्लेषा, काचेला नाक लावू नकोस. डाग पडतो गं!” क्रिस्टिना मॅडम आतून ओरडल्या.

अश्लेषा मागे सरली आणि लगेच पुन्हा पुढे झाली. वालीवच्या या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठींमधली जनुकं वाचायला मॅडमना मदत करायची, हे तिचं रोजचं काम. आज मात्र ती दाराबाहेर होती. नमुना तिच्या बाबांचा. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम.

बाबा म्हणजे जयवंतबुवा, कीर्तनकार. तंबाखूला कधी शिवले नाहीत, तरी फुप्फुसात गाठ निघाली. शेवटच्या कीर्तनात पूर्वरंग कसाबसा पार पडला. मध्यंतरात बुवांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला आणि उत्तररंगात सीतास्वयंवर सुरू होताच दम संपला. रामाने धनुष्याला हात घालायच्या आतच बुवा खाली बसले. आख्यान तिथंच राहिलं.

फोन वाजला. एव्हरशाईनच्या घरून आई.

“आला का गं रिपोर्ट? मी गणपतीला दूर्वा वाहिल्यात. खालच्या लुसीनं चर्चमध्ये मेणबत्ती लावलीय. काही म्हणजे काही सापडू नये, बाई!”

“हं,” अश्लेषा म्हणाली. तिचेही ओठ हलत होते. पण ती देवाकडे काय मागत होती, ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

आत मॅडम उठल्या. पुन्हा बसल्या. स्क्रीनवर बोट टेकवून एकेक अक्षर वाचत गेल्या. मग दार धाडकन उघडलं.

“सापडली गं पोरी! सापडली!”

अश्लेषाने टुणकन उडी मारली आणि मॅडमच्या गळ्यातच पडली. फोन चालूच होता. पलीकडे आईने हंबरडा फोडला.

आईच्या हातून फोन बुवांनी घेतला. “अशू, हिला काय झालं? काय सापडलं?”

“बाबा, गाठीच्या जनुकातली चूक! मी देवाला तीच मागत होते. नसती सापडली तर नुसतं चाचपडायचं होतं. या चुकीवर नेमकी गोळी आहे. कितीतरी जणांचा दम परत आलाय तिनं!”

बुवा आईकडे वळले. मग फोनमधून त्यांचा कीर्तनातला आवाज आला, थोडा दम लागलेला, पण खणखणीत.

“अगं, रडतेस काय? बुक्का काढ! धनुष्य उचलायचं राहिलंय.”