शब्बाथचा दिवा

आठवडाभर रेच्यावर कापसातली सरकी काढून रिबकाबाईचे हात नुसते लोंबत होते. अकोल्यातल्या वखारीच्या खोलीत तिनं शुक्रवारी दिवस बुडताना शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यांवर ओंजळ धरून प्रार्थना म्हटली, तोच दारात कापसाच्या गाड्या थडकल्या. “विलायतेले जाणाऱ्या मालानं वखार तुडुंब झाली. हा कापूस तुह्या खोलीतच भरा लागते,” मुकादम चंद्रभान म्हणाला. “दिवा इझव, बाई. ठिणगी उडाली त सारा कापूस जळन.” “उद्या सांजेपर्यंत आमचा विसाव्याचा दिवस. आम्ही इस्राएल लोक हा दिवा विझवत नाही, दादा. हलवतही नाही.” “कावून वं? तुह्या देवाले अंधारात दिसत नाही?” तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. “मी नाही विझवणार. तुम्हीच विझवा,” म्हणत तिनं पाठ फिरवली, लेकराचे कान टोचताना आई फिरवते तशी. फुंकर आलीच नाही. “बैलं सोडा रे! कापूस गाडीतच राहू द्या,” चंद्रभाननं गाडीवानांना हाक दिली. मग त्यानं पाण्याची घागर उंबऱ्यापाशी टेकवली. “मी बसतो राखणीले. झोप, माय.”