मिंझाचं गाठोडं

"सगळं सडकंच निघू दे," शिलाईयंत्रामागून कबुला पुटपुटली.

स्वातंत्र्यानंतर थाटात उभी राहिलेली कापडगिरणी बंद पडली, तेव्हापासून टांझानियातल्या या सरोवराकाठच्या बाजारात परदेशी जुने कपडेच खपत. कबुलाचं यंत्र विक्रीला निघालं होतं, आणि शेजारी मिंझा नवं गाठोडं सोडत होती. बांधलेलंच विकत घ्यायचं, आत निघेल ते नशीब.

दोरी तुटली, गाठ सुटली. आत नुसते बर्फात घालायचे लोकरी कोट!

कबुलाला हसू फुटलं. मिंझानं भर उन्हात कोट चढवला. "या गं सयांनो! सरोवर गोठलं की माझ्याकडंच यायचं!" बाजार हसत तिच्याभोवती गोळा झाला. कुणी केळी दिली, कुणी पाठीवरून हात फिरवला.

कबुलाचं हसू विरलं. तिचा धंदा बुडाला, तेव्हा इकडं कुणी फिरकलंही नव्हतं.